शिरवण्याच्या महाराजांचं थंडगार तीर्थ

शिरवण्याच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी तीर्थात भिजवलेली कापडाची घडी सुचित्राच्या मिटल्या डोळ्यांवर ठेवली, पाच मिनिटं नामस्मरण करवलं आणि हाक दिली, "उघड, माये! तिसरा नको, दुसरा डोळा उघड!" महिनाभर लोंबणारी डावी पापणी खरोखरच वर गेली. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या तिच्या नवऱ्याने. श्यामसुंदर सर वीस वर्षं नेरूळच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होते, हे इथे सांगायलाच हवं.

"डॉक्टरच्या गोळ्या बंद. रसायनाने देव रुसतो," महाराजांनी बजावलं. विद्वान सरांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पापणी पडलेलीच होती, वर सुचित्राने घेतलेला चहा नाकातून बाहेर आला. "अहो, गिळता येत नाहीये," ती गेंगाण्या आवाजात म्हणाली. सर तिला घेऊन धावले, ते पुन्हा महाराजांकडेच.

घडी ठेवताच शेजारी बसलेल्या सगुणाने ती चाचपून पाहिली. सगुणा मासळी विकायची. "सर, यो कसला तीर्थ? बरफाचा पानी हाय! माझी पापलेटं रोज यातच असतान."

आता कुठे सरांचं डोकं चालू झालं. मज्जातंतूच्या टोकातून रसायनाचा निरोप सुटतो. तो झेलणारी ग्राही, म्हणजे रिसेप्टर, अगदी समोर, स्नायूच्या आवरणाला पडलेल्या चुण्यांच्या माथ्यावर असतात. सुचित्राचं शरीर स्वतःच ती निकामी करत होतं, हाच तिचा आजार. गारव्याने ते रसायन सावकाश मोडतं, उरलेल्या ग्राहींना निरोप पोचतो आणि पापणी चार मिनिटं उघडते. गोळीही हेच करते, पण साऱ्या अंगात आणि तासन्‌तास. ही आकृती सर दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूंनी काढत.

"महाराज, साध्या पाण्याने उघडून दाखवा!"

"भक्तीत संशय?" महाराज कडाडले आणि त्यांची समाधीची वेळ झाली. सगुणाने आसनामागचा थर्माकोलचा खोका उघडला. आत बर्फ होता.

सरांनी सुचित्राला थेट हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कोणी बंद केली?"

"मी," सर म्हणाले. त्यांना रडू आवरेना.

ती बरी झाल्यावर सर त्याच सभागृहात उभे राहिले. "महाराजांच्या आधी मला हसा. पापणी का उघडली, एवढंच मी विचारायचं होतं. त्याऐवजी टाळ्या वाजवल्या आणि बायको तीन दिवस श्वासाच्या यंत्रावर होती. औषध सोडा म्हणणाऱ्याला कारण विचारा. तो चिडला, तर तिथून उठा आणि डॉक्टरकडे जा."