डाव्या हाताची तुरपाई

शिवणबाईंना नाकावर माशी बसलेली एक वेळ चालली असती, पण कापडावर वाकडा टाका? नाव काढू नका. सारा जन्म शिवणाच्या दुकानात गेला. गुडघे बोलायला लागले तसं दुकान मिटवलं, तेव्हा सगळे म्हणाले, आता स्वस्थ बसा. स्वस्थ कसं बसतात हे त्या बाईला ठाऊक असतं तर ना! घराच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली, आसपासची सहा-सात वर्षांची पोरं गोळा केली आणि त्यांना शिवण शिकवायला घेतलं.

इतक्या लहान पोरांना शिवण शिकवणं म्हणजे बेडकं तराजूत तोलण्यापैकी. एकाला बसवावं तर दुसरं उडी मारतं. कुणाच्या दोऱ्याचा गुंता, कुणाची सुई सतरंजीत हरवलेली, आणि एकाने तर हातातला रुमाल आपल्या चड्डीलाच शिवून ठेवला. उठला तेव्हा कळलं. दुकानात बाईंच्या जिभेने भल्याभल्यांना रडवलं होतं, पण या पोरांवर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. लोकांना याचं नवल वाटे. त्यात नवल कसलं? बाईंनी आपली एक युक्ती काढली होती. आठवड्याचं काम त्या इस्त्रीला म्हणून ठेवून घेत, आणि पोरं गेली की वाकडं तेवढं उसवून स्वतः पुन्हा घालत. पोर हिरमुसत नाही, तिची आई खूश, आणि आपल्या घरातून वाकडं काम बाहेर जात नाही. बिघडलं कुणाचं? असं त्या स्वतःला विचारत आणि उत्तरही स्वतःच देऊन मोकळ्या होत.

या पोरांत एक होती सुतळी. अंगाने तशी, म्हणून ते नाव पडलेलं. तिची आई बाईंच्या दुकानातली काजवाली. काजं, बटणं, तुरपाई, हाताचं म्हणून जे काही काम ते सगळं तिच्याकडे असे. जिच्या कामाला बाईंनी कधी बोट लावलं नाही अशी ती एकटीच. आता ती अंथरुणाला खिळली होती. दुखणं बरं होणारं नव्हतं. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं आणि तिने ते ऐकून घेतलं होतं. बोटांतली ताकद तर आधीच गेली होती, सुई धरवत नव्हती. तिने नणंदेकरवी बाईंना बोलावून घेतलं आणि एकच मागणं मागितलं. पोरीला सुई धरायला शिकवा, आणि ती जे काही करील ते दर आठवड्याला माझ्याकडे पाठवा, मला बघायचंय. कशासाठी ते तिने सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. अशा माणसाला का म्हणून कुणी विचारतं?

सुतळी डावखुरी होती. तिला उजव्या हातावर आणायचा खटाटोप बाईंनी केला नाही, तेवढं शहाणपण त्यांच्यापाशी होतं. पण पोरीचा साधा धावदोरासुद्धा बघवत नव्हता. टाके कुठे बारके, कुठे ढांगा टाकत गेलेले, मध्येच ओळ सोडून भलतीकडे. हे असलं त्या आजारी बाईपुढे कसं ठेवायचं? आपल्यामागे पोरीचं कसं होणार, याच काळजीने ती अर्धी होईल. सुतळीचं काम त्या इतरांपेक्षाही मन लावून उसवत आणि मन लावून पुन्हा घालत. काजवालीकडून निरोप येई, मिळालं, बघितलं. बस, एवढाच. बाईंना वाटे, बिचारीला बोलायची ताकद नसेल.

मग पोरं तुरपाईला आली. तुरपाई म्हणजे काठ दुमडून आतून बारीक तिरके टाके घालायचे. सुतळीने एका पांढऱ्या रुमालाचा काठ केला, बाईंनी नेहमीसारखा तो नवा करून टाकला, आणि या खेपेला त्यांना वाटलं, आपणच जाऊन द्यावा. तिच्या तोंडावरचा आनंद एकदा आपल्या डोळ्यांनी तरी बघावा.

काजवालीचा पलंग खिडकीशी होता. पलंगावर नुसती हाडं उरली होती. तिने रुमाल उजेडात धरायला लावला आणि काठावरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"बाई, हा हात तुमचा," ती म्हणाली.

छे, काहीतरीच काय, असं बाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचा आवाज त्यांनाच खोटा वाटला.

"डावखुऱ्या माणसाची तुरपाई उलटीकडे कलते. हे टाके उजव्या हाताचे आहेत." तिला धाप लागली. "म्हणजे आधीचं सगळंही तुमचंच."

आता लपवायचं काय राहिलं? बाईंनी सगळं सांगून टाकलं. तुला बरं वाटावं म्हणून केलं, तुझ्या जिवाला घोर नको म्हणून केलं, दुसरं काही मनात नव्हतं.

"मला बरं वाटायला नको होतं, बाई. मला तिला शिकवायचं होतं. हात गेले, पण डोळे होते, तोंड होतं. कुठे चुकते ते बघून सांगितलं असतं. तुम्ही मला तिची चूकच पाठवली नाहीत. मी आपली इथे पडून म्हणत होते, पोर शिकली की! हिला माझी गरजच उरली नाही."

ती रडली नाही. रागावलीसुद्धा नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बाईंना सोपं गेलं असतं. रुमाल परत उचलून, जोड्याने मारल्यासारखं तोंड घेऊन त्या घरी परतल्या. त्या बाईच्या हातात मोजके दिवस होते, आणि त्यांतले कितीतरी आपण इस्त्रीच्या नावाखाली खाऊन बसलो, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. चांगलं करायला जावं आणि माणसाच्या मुळावर उठावं, ते असं.

दुसऱ्या दिवशी पोरं जमल्यावर त्यांनी सुतळीला जवळ घेतलं आणि विचारलं, तुझं काम मी बदलते, हे तुला ठाऊक होतं का गं?

"हो," सुतळी म्हणाली. "मी ओळ कशीही घातली तरी घरी सरळच येते. म्हणून मी आता बघतच नाही."

पोरीला सुई धरायला शिकवायचं सोडून बाईंनी तिला कापडाकडे न बघायला शिकवलं होतं. त्यांनी तो रुमाल घेतला आणि सगळ्या पोरांच्या देखत त्याचा काठ उसवायला बसल्या. आपलेच टाके, दाणे मोजून ठेवावेत तसे एकसारखे, एकेक करून काढून टाकले. पोरं तोंडं वासून बघत राहिली. मग रुमाल, सुई, दोरा आणि पोर घेऊन त्या काजवालीच्या घरी गेल्या, आणि त्या दिवसापासून रोजच जायला लागल्या.

काजवालीने पोरीची पहिली ओळ बघितली आणि विचारलं, अगं, ही तुरपाई आहे की मोडकं कुंपण? सुतळी खुदकन हसली. आईला असं काही बोलताना तिने कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. मग आईने तिला ओळ उसवायला लावली. बाई पोरीला शेजारी बसवून शिकवत आल्या होत्या. काजवालीने तिला समोर बसवलं. मी उजव्या हाताचं बोट नेईन तिकडे तू डावी सुई ने, आरशात बघतेस तसं. अंथरुणातून हात वर होत नव्हता, बोट तेवढं चादरीवरून सरकायचं, आणि पोर त्या बोटामागून जायची. उंटावरून शेळ्या हाकतेय म्हणा हवं तर, असं काजवाली नणंदेला म्हणे. नणंद काळजीत असे, इतकं बोलून दमते ही, नको ते. पण काजवालीला थांबवायची छाती कुणाची होती?

बाईंना काम एकच, सुईत दोरा ओवून द्यायचा आणि हाताची घडी घालून बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. पोरीचा टाका घसरला की त्यांची बोटं शिवशिवत, आणि ते काजवालीच्या बरोबर लक्षात येई. ती नुसती त्यांच्या हातांकडे बघे. बाई घडी आणखी घट्ट करत.

सुतळीचे टाके काही रातोरात सुधारले नाहीत. पण ती आता प्रत्येक टाका बघायला लागली होती. चुकला की आईने सांगायच्या आत स्वतःच जीभ चावायची आणि काढायची. ते बघून काजवाली डोळे मिटून घेई. किती दिवसांनी तिला जरा सुख लागत होतं, ते बाईंना समोर दिसत होतं.

एका दुपारी रुमालाची शेवटची बाजू घ्यायची होती. काजवालीला त्या दिवशी पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. तरी तिने कापडाचं एक टोक आपल्या मुठीत द्यायला सांगितलं, म्हणजे पोरीला ताण मिळेल. नणंद आत भांडी घासत होती. सुतळी एक टाका घाली आणि आईच्या चेहऱ्याकडे बघे, दुसरा घाली आणि पुन्हा बघे.

"माझ्या तोंडावर काय लिहिलंय?" काजवालीचा आवाज कसाबसा फुटला. "कापडाकडे बघ. ओळ पुरी होईपर्यंत मान वर करायची नाही."

पोरीने मान खाली घातली. सुई आत, सुई बाहेर. खोलीत दोरा ओढल्याचा तेवढा आवाज येत होता.

थोड्या वेळाने कापड सैल पडलं. बाईंनी आधी मुठीकडे बघितलं, मग छातीकडे. छाती हलत नव्हती. नणंदेला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं.

"आई, नीट धर ना," सुतळी म्हणाली. आईने सांगितलं होतं, म्हणून तिने मान वर केली नाही.

बाईंनी हाक मारली नाही. इतके दिवस घातलेली हाताची घडी त्यांनी सोडली, काजवालीच्या उघड्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि कापडाचं टोक तिच्या बोटांसकट धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. कापड पुन्हा ताणलं गेलं.

"हं, आता बरोबर," असं म्हणून पोरीने पुढचा टाका घातला. तो वाकडा गेला. तिने तो काढला आणि पुन्हा घातला. बाई कापड धरून बसून राहिल्या.

मग सुतळीने दोऱ्याला गाठ मारली. "झाली बघ ओळ," ती म्हणाली, आणि तिने मान वर केली.