दगडाकडे जाणारं पाणी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वळ गावातल्या आमच्या गाळ्यात सहा टनांचा काळा दगड उतरवला. क्रेनवाल्याने तो बरोबर मधोमध ठेवला आणि पट्टे सोडले, तेव्हा मी दारात उभा होतो. काही हललं नाही. तरी मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

गाळा म्हणजे गोदाम. साठ बाय शंभर फूट, वर पत्रा. जमीन आमच्या घराची, पण कारभार आता माझ्या पुतण्याकडे, भावेशकडे आहे. पावसाळ्यात जुनी कंपनी सोडून गेली आणि मुंबईच्या पूर्वी नावाच्या बाईंनी गाळा दोन महिन्यांसाठी मागितला. त्यांना प्रदर्शन भरवायचं होतं. त्यांनी रॅक काढायला लावले, भिंती पांढऱ्या केल्या, मधली प्लायवूडची ऑफिस केबिन मोडली. एवढ्या मोठ्या जागेत फक्त एक दगड, माणसाच्या छातीइतका उंच. ना चित्र, ना पाटी, ना खुर्ची. दहा-दहा जणांनी चपला काढून आत जायचं, बोलायचं नाही, आणि पाहिजे तेवढा वेळ थांबायचं.

भावेश हसून म्हणाला, "काका, रिकामा गाळा बघायला लोकं मुंबईवरनं येतान. आपून येडं, इतकी वरसं माल भरीत बसलो."

मला हसू आलं नाही. केबिन जिथे होती, तिथे खाली विहीर आहे.

चौदा वर्षांपूर्वी ती विहीर मी बुजवली. भराव टाकायची कामं तेव्हा मी घेत असे. माझा थोरला भाऊ दौलत, म्हणजे भावेशचा बाप, याने कंपनीला दिवाळीच्या आत गाळा द्यायचा शब्द दिला होता. त्या वर्षी पाऊस लांबला, खदानीचा रस्ता खचला, मुरूम मिळेना. नारपोलीला सुताला खळ लावणारे सायझिंगचे कारखाने आहेत. त्यांच्या बॉयलरच्या राखेचे डोंगर पडले होते आणि लूमच्या शेडमागे चिंध्यांचे ढीग. चाळीस फूट विहिरीत मी ते ओतलं. वरच्या चार फुटांत तेवढा मुरूम दाबला आणि त्यावर लोखंडी जाळी टाकून सहा इंच काँक्रीट. तळापासून मुरूम भरला असं लिहिलेल्या कागदावर माझा अंगठा आहे.

हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. त्या जागी कुणी जड माल ठेवू नये म्हणून दौलतने वर हलकी केबिन उभी केली आणि गावात सांगितलं, की विहिरीत साती आसरा आहेत, त्यांच्या डोक्यावर ओझं ठेवलं तर त्या माणूस घेतात. पाण्यातल्या या देवींना आमच्याकडे सगळेच भितात. हमालांनी ऐकलं. कंपनीच्या साहेबांनीही ऐकलं. दौलतची बायको, आमची आक्का, दर नवरात्रात केबिनच्या दारात ओटी भरू लागली. दौलत सहा वर्षांपूर्वी गेला. केबिन मोडताना मी आडवा आलो तेव्हा भावेश म्हणाला, "काका, आता आसरा-बिसरा नको. इंजिनेरनं कागद बघितलाय. तुझाच तर अंगठा हाय त्याच्यावर."

मेलेल्या भावाला खोटं पाडायचं, आणि तेही त्याच्या पोरापुढे, हे मला जमलं नाही.

पेपरात शरद ऋतूत पाहावीत अशा प्रदर्शनांची यादी आली, ती भावेशने वाचून दाखवली. त्यात आमचा गाळा तिसरा होता. फोटोत दगड फारच एकटा दिसत होता. मला त्या यादीतला ऋतू तेवढा टोचला. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर असतं, भरावाला खालून टेका मिळतो. आश्विनात पाणी उतरतं. भाताची खाचरं सुकतात, बांधांना भेगा जातात आणि खाली जे काही पोकळ भरलेलं असेल ते बसायला लागतं.

भावेशची मुलगी करिष्मा कॉलेज संपवून घरी होती. पूर्वीबाईंनी तिला कामाला घेतलं. सकाळी जमीन पुसायची, लोकांना आत सोडायचं आणि दिवसभर दगडाजवळ उभं राहून कुणी हात लावत नाही ना, ते पाहायचं.

आठवड्याभराने ती जेवताना म्हणाली, "आजा, गंमत सांगू? पयले बादली सांडली का पाणी दाराकडं जायचं. आता दगडाकडं जातं. मॅडमना दाखवलं, तर त्या किती वेळ बघतच बसल्या."

पाणी कुठून वळतं, ते मी तिला दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तोवर पूर्वीबाईंनी त्याचा कार्यक्रम करून टाकला होता. दहा माणसं अनवाणी, भिंतीला टेकून उभी. करिष्माने दारापाशी तांब्याभर पाणी ओतलं. पाणी जरा थांबलं, मग सरळ निघालं आणि दगडाखाली गेलं. पलीकडून बाहेर आलं नाही. एक बाई डोळे पुसत होती.

लोक गेल्यावर मी पूर्वीबाईंना गाठलं. "बाई, दगड काढा. जमीन बसतेय. खाली विहीर हाय."

"माहितीये, काका," त्या म्हणाल्या. "आक्कांनी सांगितलं मला. सात देवी. म्हणून तर मी दगड तिथंच ठेवला."

"देवी न्हाय. राख हाय खाली."

त्यांनी वही उघडली. "राख? कुणाची?"

"कुणाची न्हाय हो. बॉयलरची."

त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. दगड हलवायचं नाव काढलं नाही. मात्र भावेशला विचारलं असावं, कारण संध्याकाळी तो माझ्यावर उखडला.

"चौदा वरसं तुमी दोघं बोललात आसरा, आसरा. आता बोलतंस राख. उद्या बोलशील सोना हाय."

"तुझ्या बापाचं नाव जाईल म्हणून बोललो न्हाय."

"मंग आता कशाला घालवतंस? बाबा हाय का सांगायला, का खरा काय ता?"



माझ्या बोलण्याने उलटंच झालं. म्हातारा घाबरलाय म्हणजे आसरा जाग्या झाल्यात, असं गावात पसरलं. केबिन मोडल्यामुळे या नवरात्रात ओटी राहिली होती, ते आक्काच्या मनाला आधीच लागलेलं. तिने ठरवलं, की रविवारी शेजारच्या शेलार गावातल्या आणि वळच्या बायांनी मिळून दगडाचीच ओटी भरायची. पूर्वीबाईंना ते फार आवडलं. त्या दिवसापुरती त्यांनी दहा माणसांची अट काढून टाकली. मुंबईहून दोन बसही येणार होत्या.

शनिवारी मी करिष्माला म्हटलं, "उद्या जाऊ नको."

"आजा, तू मला घाबरवू नको. देवीला मी मानते, पण घाबरत न्हाय."

"देवी न्हायच तिथं."

"हां, राख हाय," ती म्हणाली. गोळी घेतलीस का, असं रोज विचारते, त्याच आवाजात.

रविवारी सकाळी आठला मी पहार घेऊन तिच्या मागोमाग गाळ्यात शिरलो. मुरमाखालची राख पहारीच्या टोकाला लावून वर काढायची आणि तिच्या तळहातावर ठेवायची, एवढंच डोक्यात होतं. केबिनच्या एका खांबाचं भोक वरवर सिमेंट लावून बुजवलेलं मला ठाऊक होतं, दगडापासून दोन हातांवर.

"आजा, मॅडम ओरडतील."

"ओरडू दे. तू बघ इकडं."

मी चार घाव घातले. सिमेंटची खपली निघून आत गेली. मग पहार भोकात घालून मुरमावर जोर दिला. मुरूम लागलाच नाही. पहार माझ्या मुठीतून सटकली आणि गेली. मी तसाच वाकून उभा राहिलो. मग फार खालून पाण्याचा आवाज आला.

राख तिथे राहिलीच नव्हती. चौदा पावसाळ्यांनी ती खाली बसवली होती, चिंध्या कुजल्या होत्या आणि वरचा मुरूम त्यांच्यामागे गेला होता. खाली होतं ते सहा इंच काँक्रीट, आणि त्यावर आम्ही दोघं आणि तो दगड.

करिष्मा दगडाच्या पलीकडे होती. तो आवाज तिनेही ऐकला होता. तिच्या हातातलं फडकं खाली पडलं, ते उचलायला ती वाकली आणि मध्येच थांबली.

"ऱ्हाऊ दे ते," मी म्हटलं. "भिंतीकडं जा. पळू नको. भिंत धरून दाराकडं."

"आनि तू?"

"तू भायेर गेलीस का येतो."

खाडीच्या चिखलात चालावं तशी ती गेली, प्रत्येक पाऊल आधी टेकवून बघत. ती दाराबाहेर पडली तेव्हा मी पोटावर झोपलो आणि हातांनी सरकू लागलो. गाल जमिनीला लागत होता. आतून बारीक आवाज येत होता, कुणी जुनं कापड सावकाश फाडत असल्यासारखा.

मी बाहेर आलो, तेव्हा पहिली बस लागली होती. बाया ताटं घेऊन उभ्या होत्या. माझ्यामागे करिष्माने शटर ओढलं आणि त्याला पाठ लावून ती उभी राहिली. भावेश तिला "सरक, लोकं थांबलीत" म्हणत होता. ती सरकत नव्हती.

मी सगळ्यांसमोर सांगितलं. विहीर मी राखेनं बुजवली, मुरूम भरला म्हणून अंगठा मी दिला. आसरांची गोष्ट दौलतने रचली आणि मी तिला मान डोलावली.

आक्का पुढे आली. "भावजी, म्हंजे चौदा वरसं मी राखेची ओटी भरली?"

"हां," मी म्हटलं.

"आनि तो बाजूला उभा ऱ्हायचा," ती म्हणाली. "हात जोडून."

बायांमधून कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. पूर्वीबाईंनी विचारलं, "आत कुणी नाहीये ना आता?" करिष्माने नाही म्हणून मान हलवली.

"मना बघू दे," भावेश म्हणाला. त्याने पोरीला हाताने बाजूला केलं, शटर गुडघ्याइतकं वर केलं आणि वाकला. मीही त्याच्याशेजारी वाकलो. आत नेहमीसारखाच उजेड होता. पांढऱ्या भिंती होत्या, रिकामी जमीन होती. दगड आता सरळ उभा नव्हता.

भावेशने शटर दोन्ही हातांनी धरून, जराही आवाज होणार नाही अशा बेताने, खाली सोडलं.