जमिनीला न लागलेला टायर

मी एक जुना टायर आहे, पण मित्रांनो, माझं जुनेपण जरा वेगळं आहे. एकोणीस वर्षांत मी रस्ता फक्त पाहिला, त्यावर कधी धावलो नाही. गिअरच्या एका हिरव्या स्कूटरच्या मागे मी टांगलेला होतो. लोक मला स्टेपनी म्हणत.

ही स्कूटर तैवानमधल्या, ताइनानजवळच्या खाडीकाठच्या एका गावातली. तिचा मालक थिएन-लू शाळेत कारकून होता. त्याची बायको पाओ-छिन पहाटेपासून दुपारपर्यंत कालवं फोडायची. आखूड पात्याची सुरी शिंपल्याच्या फटीत घालून मनगटाला एक हिसका दिला, की शिंपला उघडलाच म्हणून समजा. फोडलेली कालवं डब्यात भरून स्कूटरवरून बाजारात जात. पुढचा आणि मागचा टायर धावत असत आणि मी त्यांच्या मागे लोंबकळत असे.

मला त्या दोघांचा फार हेवा वाटे. बाजारातून परतल्यावर पाओ-छिन पाण्याची नळी घेऊन त्यांचा चिखल धुवायची, नखाने खड्यांचे कण काढायची. पंप लावून दाबून बघायची. माझ्या वाट्याला फडक्याचा एक फटका. चिखलच नाही तर धुणार काय? एकदा मागच्या टायरमध्ये खिळा घुसला तेव्हा मला वाटलं, आली माझी वेळ. पण पंक्चरवाला चार घरं पलीकडेच होता. तिने स्कूटर ढकलत नेली. मी तसाच राहिलो.

अशी वर्षं गेली. पंक्चरवाल्याने दुकान बंद केलं. थिएन-लू निवृत्त झाला. आणि एके दिवशी ताइतुंगहून त्यांच्या मुलीचा, रुओ-यीचा, फोन आला. तिला मुलगी झाली होती. बाळाला महिना भरला की नातेवाइकांना जेवण होतं.

"आगगाडीने या," ती म्हणाली.

"स्कूटरने येणार," थिएन-लू म्हणाला. "आमच्या लग्नात तुझ्या आईला शब्द दिलाय. पूर्वेचा समुद्र स्कूटरवरून दाखवीन म्हणून."

"बाबा, त्याला चौतीस वर्षं झाली."

"म्हणून तर घाई आहे."

पाओ-छिन मागून ओरडली, "मी आगगाडीलाही तयार आहे हो! पण हा म्हातारा ऐकेल तर ना." तोंडाने ती असं म्हणाली, पण त्याच संध्याकाळी तिने कालवांच्या मुकादमाकडून चार दिवसांची सुट्टी मागून घेतली.

पुढचा आणि मागचा टायर आता गुळगुळीत झाले होते. डोंगरातल्या वळणांवर ते टिकणार नव्हते. मला वाटलं, आता तरी मला खाली उतरवतील. पण थिएन-लूने शहरातून दोन नवे टायर आणले. कागदात गुंडाळलेले, काळेभोर, नव्या रबराचा वास येणारे. त्यांच्या अंगावर रबराची बारीक केसांसारखी टोकं होती. तशी माझ्याही अंगावर अजून होती. मग मीच का नाही? त्या दिवशी मी इतका जळलो, की जळण्यासाठी मला विस्तवाची गरज नव्हती.

शहरातले दुकानदार या जुन्या, दोन तुकड्यांच्या रिमवर टायर चढवून द्यायला तयार नव्हते. म्हणून दोघांनी घरीच टायर चढवायचं ठरवलं. पडवीत पुठ्ठा अंथरला. थिएन-लू प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसून मोबाईलमधून वाचू लागला आणि पाओ-छिनने बाह्या सरसावल्या.

चाक काढल्यावर थिएन-लूने उत्साहाने पाना उचलला आणि रिमचे नट फिरवायला गेला.

"थांब!" पाओ-छिनने त्याचा हात धरला. "हवा काढ आधी. आत हवा भरलेली असताना रिम उघडलीस तर तुकडा उडून तोंडावर बसेल. मग नातीला काय दाखवशील, तोंडावरच्या मलमपट्ट्या?"

"हे पुढच्या ओळीत लिहिलंय. तिथवर आलोच होतो मी."

"तू ओळीवर येईपर्यंत मी विधवा झाले असते."

तिने व्हॉल्व्ह दाबून सगळी हवा सोडली. रिमचे दोन्ही तुकडे वेगळे केले. जुना मागचा टायर सुटला आणि पुठ्ठ्यावर पडला. पडता पडता तो मला म्हणाला, "सुटलो बाबा." मला वाटलं, हा मला चिडवतोय.

पाओ-छिनने नवीन ट्यूबला पावडर चोळली, तिच्यात थोडीशी हवा भरली, आणि ती नव्या टायरच्या पोटात अलगद बसवली. मग टायर रिमच्या एका तुकड्यावर ठेवला, वरून दुसरा तुकडा. ती हात धुवायला गेली तेवढ्यात थिएन-लूने नट आवळून टाकले आणि पंप मारला. फुस्स! दोन्ही तुकड्यांच्या फटीत ट्यूब चिमटली होती.

मित्रांनो, खोटं बोलत नाही, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, बरी खोड मोडली या नवख्याची.

"काय केलंस रे?" पाओ-छिन धावत आली.

"जरा मदत केली."

"तुझी मदत नको. तू वाच." ती हसली, पण नट तिने पुन्हा सोडवले. ट्यूबला ठिगळ लावलं. यावेळी नट आवळण्याआधी तिने रिमच्या फटीत सगळीकडे बोट फिरवलं. कालवं फोडणारं तिचं बोट, त्याला फट बरोबर कळायची. मग समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत गेली. हवा भरली आणि टायर टम्म फुगून उभा राहिला. पुढचं चाक तर तिने तासाभरातच बसवलं.

मग ती माझ्याकडे वळली. "या मागे टांगलेल्यालाही बघायला हवं."

"त्याला काय झालंय?" थिएन-लू माझ्यावर थाप मारत म्हणाला. "नवा कोरा आहे. एक दिवस धावला नाही. याचे केससुद्धा झडलेले नाहीत, माझे बघ."

ती हसली, माझ्यात हवा भरली आणि मला जसा होतो तसाच टांगून ठेवलं.

आता मला तुम्हाला एक गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या अंगाला भेगा पडल्या होत्या. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने रबर आतून वाळलं होतं. पण भेगा होत्या स्कूटरच्या अंगाकडच्या बाजूला, कुणाला न दिसणाऱ्या. मला त्या ठाऊक होत्या. पण 'नवा कोरा' हे शब्द ऐकून मी इतका सुखावलो, की ती बाजू कुणी पाहू नये असंच मला वाटलं.

निघताना पाओ-छिनने गावदेवापुढे उदबत्ती लावली, स्कूटरच्या दांड्याला अंगाऱ्याची लाल पुडी बांधली. दक्षिणेचं टोक वळून आम्ही डोंगर चढलो आणि उतरलो. पुढे एकदम समुद्र पसरला. पाओ-छिनने थिएन-लूच्या पाठीवर कपाळ टेकलं. खाली नवे टायर वळणं घेत होते आणि मी मनात म्हणत होतो, हे माझं काम होतं.

दुपारी एका लोखंडी तुकड्याने मागचा टायर फाडला.

त्यांनी स्कूटर आडवी केली, पाच नट सोडवले, मला उतरवलं आणि चाकाच्या जागी बसवलं. मी जमिनीला टेकलो! पहिली फेरी, दुसरी, दहावी. रस्ता गरम होता, खडे टोचत होते, दोन माणसांचं वजन माझ्यावर होतं आणि मला वाटत होतं, असंच ताइतुंगपर्यंत जावं. पण तिसऱ्या किलोमीटरलाच अंगातून एक कळ गेली. भेग उघडली. तिथून ट्यूब बाहेर डोकावू लागली. एका बाजूला उंच कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मी फुटणार होतो. माझ्यावर भार टाकून बसलेल्या माणसांच्या जिवाशी मी खेळत होतो. तेव्हा मला जुन्या टायरचं 'सुटलो बाबा' कळलं; रोज दोन जीव वाहण्याची जोखीम त्याच्या अंगावरून उतरली होती.

मी जमेल तेवढा डुचमळू लागलो.

"म्हाताऱ्या, थांब," पाओ-छिन म्हणाली. "मागे काहीतरी डुगडुगतंय."

"रस्ता खराब आहे."

"थांब म्हणते ना!"

ती उतरली. तिने वाकून मला हात लावला आणि झटकन मागे घेतला. फुगवटा तिच्या मुठीएवढा होता. मग थिएन-लू हळूच म्हणाला, "तू बघायला हवं म्हणाली होतीस."

"मीसुद्धा बघितलं नाही," ती म्हणाली.

उरलेले सहा किलोमीटर दोघं पायी चालले, स्कूटर ढकलत. रिकामी स्कूटर मी कशीबशी वाहिली. पुढच्या वस्तीत चामाक नावाचा एक मिस्त्री होता. त्याने माझ्या कडेवरचे, बनावटीच्या वर्षाचे आकडे वाचले आणि म्हणाला, "आजी, हा टायर एकोणीस वर्षांचा आहे. टायर धावला नाही तरी म्हातारा होतोच. तुम्ही दोघं नशीबवान."

त्याने फाटलेल्या नव्या टायरला आतून जाड ठिगळ घातलं आणि सांगितलं, "ताइतुंगपर्यंत सावकाश जा. तिथे पोचलात की हा बदला." मला त्याने रिमवरून काढलं आणि माझ्या जागी एक वापरलेला, पण धडका टायर दिला. टांगण्याआधी पाओ-छिनने त्याला दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं. अंगठ्याने दाबलं, कडेवरचा आकडा वाचला. मित्रांनो, आयुष्यभर मी पुष्कळांचा हेवा केला, पण इतका कुणाचा केला नाही. तो टायरही टांगलेलाच राहणार होता. पण त्याला कुणीतरी पाहिलं होतं.

तीन दिवसांनी परतताना दोघं चामाककडे थांबले. नातीच्या जेवणातली लाल अंडी आणि तेलातला भात त्यांनी त्याच्यासाठी आणला होता. ती नात कशी जांभई देते, हे थिएन-लूने चामाकला तीनदा करून दाखवलं.

मी आता चामाकच्या अंगणात आहे. माझ्या पोटात माती भरून त्याने मिरचीचं रोप लावलंय. मी एकूण नऊ किलोमीटर धावलो आणि त्यातले सहा रिकामे. तक्रार नाही. फक्त एवढंच सांगतो, मित्रांनो. जे रोज वापरता त्याची काळजी तुम्ही घेताच. पण जे मागे ठेवलंय, नवं दिसतंय म्हणून नवंच असेल असं समजू नका. अधूनमधून त्याला खाली उतरवा आणि न दिसणारी बाजूही बघा. आणि तुम्हीच कधी असे मागे राहिलात, तर हेव्यापायी आपली भेग झाकू नका. वेळेवर दाखवा. बघणारे हात असतात.