गाळलेल्या ओळी

टक्… डबीचं झाकण उघडताना होणारा एवढासा आवाज. पण परवापासून चिंतामणरावांनी तो इतक्या वेळा ऐकला होता की आता डबी न उघडताही तो कानात वाजत असे. आत, निळ्या मखमलीच्या तुकड्यावर, मोरोपंतांचा नवा चष्मा होता. मोतीबिंदू काढल्यावर देतात तसला, जाड भिंगांचा, मधे फुगीर, उपड्या बशीसारखा. त्यांनी तो पुन्हा एकदा स्वतःच्या डोळ्यांवर धरून पाहिला. कोनाडा अंगावर आला, कंदिलाची काच वितळल्यासारखी झाली, भिंतीवरचं कॅलेंडर — मार्च एकोणीसशे साठ — पाण्यात पडल्यासारखं हललं. दुसऱ्याची नजर आपल्या नाकावर ठेवली की असंच व्हायचं. त्यांनी चष्मा उतरवून ठेवला. टक्.

परवा ते अमरावतीहून हा चष्मा घेऊन अकोल्याला परतले होते. आणि परवाच संध्याकाळी, मोरोपंतांच्या ओसरीची पायरी चढता चढता "काय मास्तर, आणलास काय?" अशी हाक आली, तेव्हा कोटाच्या खिशातल्या डबीवर हात ठेवून ते म्हणाले होते, "नाही हो, अजून तयार नाही. पुढच्या आठवड्यात म्हणतात."

बत्तीस वर्षं मराठी शाळेत मास्तरकी केलेला माणूस. खोटं बोलणाऱ्या मुलाला त्यांनी कधी मारलं नव्हतं. नुसतं समोर उभं करायचं आणि थांबायचं, ते आपण होऊन खरं सांगेपर्यंत. परवा त्यांच्यासमोर कोणी थांबलं नाही. मोरोपंत "बरं" म्हणाले आणि शेजारचं वर्तमानपत्र चाचपून त्यांनी पुढे केलं — वाच.

हे वाचन साडेतीन वर्षं चाललं होतं. मोरोपंतांनी जन्मभर वकिली केली, अकोल्याला आणि मधूनमधून नागपूरला; आणि विदर्भाचं वेगळं राज्य व्हावं म्हणून राज्य पुनर्रचना कमिशनपुढे साक्षही दिली होती. ते राज्य झालं नाही. छप्पन्न साली विदर्भ मुंबईच्या मोठ्या द्विभाषिक राज्यात घातला गेला, आणि त्याच दिवाळीच्या आसपास मोरोपंतांच्या डोळ्यांपुढे धुकं आलं. तेव्हापासून नागपूरचं वर्तमानपत्र संध्याकाळी चिंतामणराव वाचून दाखवत. ऐकायला मोरोपंत, पातूरकडची शेती मुलांच्या हवाली करून शहरात राहायला आलेले रामराव, आणि दाराच्या आत, उंबऱ्याशी, सुपारी कातरत बसलेल्या रमावहिनी. चौघांचं एकमत असायचं. वाचून झालं की रामराव म्हणत, "बराबर हाये. आपला विदर्भ कोनी दाबू शकत नाई." मोरोपंत मान हलवत. आणि चिंतामणराव वर्तमानपत्राची घडी घालत.

एकमत… तिघांचं होतं. चौथ्याचं काय, ते त्या ओसरीवर कधी कोणी विचारलं नाही. चिंतामणरावांना मनापासून वाटे की मराठी बोलणाऱ्यांचं एकच राज्य व्हावं. शाळेच्या नकाशावर खडूनं हद्द काढताना त्यांचा हात मुंबईपासून भंडाऱ्यापर्यंत न उचलता जाई. हे त्यांनी एकदाच, एकाच माणसाजवळ बोलून दाखवलं होतं. सख्ख्या भावाजवळ, कमलाकांतजवळ. तोही विदर्भवादी. अमरावतीला, अंबापेठेतल्या त्याच्या घरी, जेवताना. हा एक मुद्दा, तो एक मुद्दा, कापसाचा भाव, नागपूरचं हायकोर्ट… आणि मग कोण आधी "तू" वरून "तुझ्यासारखे लोक" वर आलं, ते आता आठवत नाही. दोघांचेही मुद्दे चांगले होते. ताटातला भात तसाच राहिला. त्यानंतर चार वर्षं पत्र नाही. परवा चष्मा आणायला गेलो तेव्हा मी त्याच्या घरावरूनच गेलो — दार उघडं होतं, आत पितळी घंगाळ दिसलं, आईचं — आणि मी पावलं उचलली. कुणीतरी मागे लागल्यासारखी.

म्हणून मोरोपंतांच्या ओसरीवर ते गप्प राहिले. दुसरी ओसरी हरवायची नव्हती. बायको गेल्यापासून दिवसातला तेवढाच एक तास असा होता, की ज्यात कोणीतरी त्यांची वाट बघत असे.

पहिल्यांदा गाळल्या त्या फक्त दोन ओळी. कमिशनपुढे साक्ष दिलेल्यांची एका वक्त्यानं टर उडवली होती, आणि ते वाचायच्या आधीच्या वाक्याला मोरोपंतांची बोटं गुडघ्यावर थरथरताना दिसली. चिंतामणरावांचं बोट, ओळीखालून चालणारं, वर्गातल्या सवयीचं, तिथे क्षणभर अडलं आणि दोन ओळी ओलांडून पुढे गेलं. काही झालं नाही. आकाश कोसळलं नाही. मोरोपंत शांत झाले. मग एखादा परिच्छेद. मग अख्खी सभा. मग विरोधी पुढाऱ्याचं भाषण तेवढं सोडायचं आणि त्याला मिळालेलं उत्तर वाचायचं. साडेतीन वर्षांत ओसरीवरचं वर्तमानपत्र मूळच्या निम्मंच उरलं होतं. आणि त्या निम्म्या वर्तमानपत्रात विदर्भाचं राज्य अगदी हाताशी आलं होतं. आता मेमध्ये महाराष्ट्र होणार, विदर्भासकट, हे पोरंसोरं बोलत होती. तेही त्यांनी वाचलं होतं, नाही असं नाही… पण "होण्याची शक्यता बोलली जाते" एवढंच.

आणि आता हा चष्मा.

दुपारी कुंदा आली. शेजारची, तिसरीतली. सकाळची शाळा सुटली की पुस्तक घेऊन यायची आणि चिंतामणराव आरामखुर्चीत डोळे मिटून तिचं वाचन ऐकायचे. बाहेर ऊन रटरटत होतं. पोपटाची गोष्ट चालली होती. पोपट पिंजऱ्यातून सुटतो तिथवर आली, आणि पोपट एकदम झाडावर जाऊन बसला.

"मधला शब्द?" ते डोळे न उघडता म्हणाले.

"कोनता?"

"जो सोडलास तो."

कुंदा हसली. "निश्चयपूर्वक. लय मोठा होता, गुरुजी. तो नसला तरी पोपट उडतेच ना!"

"उडतो. पण कसा उडतो ते कळत नाही."

"पन तुमाले कसं समजलं? तुमी तर डोये मिटून होते."

"मला गोष्ट पाठ आहे."

"हां," ती विचार करून म्हणाली. "ज्याले पाठ असते, त्याले सुटलेलं आयकू येते."

चिंतामणरावांनी डोळे उघडले. कुंदाचं लक्ष पुस्तकावरून उडालं होतं. तिनं कोनाड्यातली डबी काढून चष्मा नाकावर चढवला होता आणि हात पुढे करून चाचपडत ती खोलीभर फिरत होती. "अगा माय! हा कोनाचा? वकीलआजोबाचा? आला काय? मी सांगून येतो त्याईले!"

"नको," ते म्हणाले. फार जोरात म्हटलं गेलं. पोरगी दचकून थांबली, आणि तिच्या त्या मोठ्या झालेल्या, भिंगामागच्या डोळ्यांकडे बघून त्यांना एकदम थकवा आला. सगळ्या अंगातून. "नको, बाळ. मीच देतो. आज देतो."

दिवस कलला तेव्हा त्यांनी कोट चढवला. रस्त्यानं जाताना ते मनात वाक्यं जुळवत होते. मोरोपंत, मी तुम्हाला सांभाळायला म्हणून… मोरोपंत, तुमच्या प्रकृतीला… कुठलंच वाक्य शेवटापर्यंत जाईना. मी कोणाला सांभाळलं? त्यांची बोटं थरथरू नयेत म्हणून की माझी ओसरी टिकावी म्हणून? वर्गात ते नेमानं वादविवाद घेत. जे मूल ज्या बाजूचं, त्याला मुद्दाम उलट्या बाजूनं बोलायला लावत. मुलं घाम पुसत बोलत आणि संपल्यावर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चिंचा तोडायला जात. ते मुलांना जमे. मोठ्यांना का जमत नाही, हे मी कधी फळ्यावर लिहिलं नाही. मला तरी कुठे येत होतं?

ओसरीवर रामराव आधीच टेकून बसले होते. चिंतामणरावांनी डबी मोरोपंतांच्या हातात ठेवली. टक्. मोरोपंतांनी बोटांनी भिंगं चाचपली. "आला म्हणायचा," ते म्हणाले. कधी आला हे विचारलं नाही. रमावहिनींनी पुढे होऊन काड्या त्यांच्या कानांमागे नीट बसवल्या.

मोरोपंतांनी आधी बायकोकडे पाहिलं, बराच वेळ. मग रामरावांकडे. मग चिंतामणरावांकडे.

"अरे मास्तर… तू म्हातारा होऊन गेलास की रे!"

"तुमाले आता दिसलं!" रामराव खदखदून हसले. "आमी रोजच पाहून राहिलो."

मोरोपंतांनी वर्तमानपत्र उचललं. नाकाशी नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. पहिलं पान. तिसरा कॉलम — चिंतामणरावांना तो कॉलम सकाळपासून माहीत होता. मोरोपंतांच्याच बाजूच्या दोन पुढाऱ्यांनी नव्या महाराष्ट्राला पाठिंबा दिला होता. चष्मा त्या कॉलमावर थांबला. बोटं गुडघ्यावर… थरथरली नाहीत.

"राहू द्या, सायेब," रामराव म्हणाले. "डोयाले तरास होईन. गुरुजीले वाचू द्या. तिसऱ्या कॉलमातलं काई नवं नाई."

चिंतामणरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही वाचलंत?"

"मी तं सकायीच वाचतो, टेसनावर. गाडीतून गठ्ठा उतरला का पयला अंक माहा. रोजच."

"रोज?"

"आता किती वर्सं झाले, गुरुजी!" रामराव सहज म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं असावं; ते उगाच पायातल्या वहाणेकडे बघायला लागले.

आडकित्त्याचा आवाज थांबला होता. रमावहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, मी पण वाचून दाखवते ह्यांना. सकाळी, चहाच्या वेळी. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत."

सगळ्यांना पाठ होतं. त्यांनी गाळलेली प्रत्येक ओळ साडेतीन वर्षं या ओसरीवर ऐकू येत होती — पहिल्या दिवाळीतल्या त्या दोन ओळीसुद्धा — आणि तेवढ्या वेळेपुरतं कोणी खोकलं नव्हतं, कोणी हललं नव्हतं, सुपारी बारीक कातरली गेली होती. चिंतामणरावांचे कान तापले. शरम होती, पण निव्वळ शरम नव्हती… आपण एकटेच पाठीवर वाहत होतो असं वाटलेलं ओझं दुसऱ्या तिघांनीही खालून धरलेलं होतं, आणि तरी पाठ तेवढीच दुखत होती.

"मग मी कशाला…" त्यांनी सुरुवात केली.

"सकाळी कळतं, मास्तर," मोरोपंत म्हणाले. "संध्याकाळी तू वाचलंस की बरं वाटतं. चाळीस वर्षं कोर्टात भांडलो. समोरच्याला पटलंय असं एकदाही झालं नाही, निकाल लागला एवढंच. घरी एवढा एक तास कोणी भांडू नये, असं वाटलं. त्यात काय?" ते थांबले. भिंगांमागचे त्यांचे डोळे फार मोठे दिसत होते, आणि ते चिंतामणरावांच्या चेहऱ्यावरून हलत नव्हते. "पण तुझा आवाजच ऐकत आलो मी. आवाजानं कळायचं की तू काहीतरी सोडतोयस. ते पेपरातलं की तुझं स्वतःचं, ते नाही कळायचं. तुला काय वाटतं रे, या सगळ्याचं?"

त्यांनी वर्तमानपत्र पुढे केलं. चष्मा काढला नाही.

चिंतामणरावांनी ते घेतलं. अंबापेठेतलं उघडं दार, ताटात वाळत गेलेला भात… आवाजाला घडी घालता येते; चेहऱ्याला कशी घालायची ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तिसरा कॉलम शोधला आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. शब्द सोपा होता. तिसरीतल्या पोरीलाही आला असता. तो जिभेवर येऊन थांबला, मागे अजून काहीतरी होतं, ते छापलेलं नव्हतं, आणि दोन्हींतलं आधी काय बाहेर येईल हे त्यांना खरंच कळेना.

अडलेल्या मुलापुढे ते असेच थांबत असत, किती वेळ, शब्द न पुरवता, बाकीच्या वर्गाला हातानं गप्प ठेवून. ओसरीवर कोणी हललं नाही. आडकित्ता मांडीवर पडून होता. रामरावांनी वहाणेवरची नजर उचलली होती. कोणीही पुढचा शब्द सांगत नव्हतं. आणि चिंतामणराव, बोट न उचलता, आयुष्यात पहिल्यांदाच त्या थांबण्याच्या दुसऱ्या बाजूला बसले होते.