दुसरा नंबर आलेला राउटर

मी एक राउटर बोलतोय. मोठमोठ्या कचेऱ्यांचं इंटरनेट सांभाळणारा, पत्र्याचा, बसका. रूपाने यथातथाच. मला घडवलं ते ताईने. आमच्या छोट्या कंपनीत सगळे तिला ताईच म्हणत. चार वर्षं ती माझ्या पोटात डोकं घालून बसली होती. "त्या मोठ्या कंपनीच्या नाकावर टिच्चून पळशील बघ," असं मला म्हणायची आणि कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मागे वळून बघायची.

एका मासिकाने आमची आणि मोठ्या कंपनीची झुंज छापायची ठरवली. दोन्ही यंत्रं मागवली. न्यायला गाडी आली तेव्हा ताईची चाचणी चालूच होती. चाचणीत मी आतून जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची नोंद करत बसतो, त्यामुळे वेग निम्मा होतो. घाईत तिने माझ्या कपाळावर चिठ्ठी चिकटवली : 'आधी नोंदी बंद करा.'

मासिकात फोटो आधी, मोजणी नंतर. फोटोवाल्याने नाक मुरडलं. "हे काय ध्यान! फोटोत दिसेल ना." चिठ्ठी कचऱ्यात गेली. मी नुसते दिवे लुकलुकवत राहिलो.

"हा तर रांगतोय," वेग मोजणारे बातमीदार हसले. मथळा छापला : 'शर्यत संपली!' बाकीच्या वर्तमानपत्रांनी तोच उचलला. पुन्हा मोजायची तसदी कुणीही घेतली नाही. गिऱ्हाइकं फिरली आणि महिन्याभरात आमची कंपनी बंद झाली.

मग ताई मासिकाच्या कचेरीत आली. तिने माझ्या नोंदी बंद केल्या. "आता मोजा."

बातमीदारांनी मोजलं. मी पहिला होतो. त्यांचा चेहरा उतरला. "पुढच्या अंकात खुलासा देतो, ताई."

"माझी माणसं कालच घरी गेली हो, दादा. खुलासा कुणाला दाखवू?"

माझ्यावर हात ठेवून ती बराच वेळ रडली. तो हात मला अजून जाणवतो.

खुलासा आला तीन ओळींचा, वर्गणीच्या कुपनाखाली. मला परत न्यायला कंपनीच उरली नव्हती, म्हणून मासिकाने इथेच कामाला जुंपलं. मोठ्या कंपनीच्या कौतुकाचे लेख आता माझ्यातूनच छपाईला जातात. फार वाईट वाटतं.

बातमीदारसाहेब, वर्ष झालं. तुमची सगळी पत्रं माझ्यातून जातात, तिच्या नावाचं एकही नाही. दोन शब्द लिहा तिला. पोचवायला मला वेळ लागत नाही, हे तुम्ही स्वतः मोजलंय.