सह्याद्रीतला एच

"काढ तो एच. आत्ताच्या आत्ता काढ!" हे फोनवर ओरडले आणि मी हातातली दुधाची किटली घेऊन दारातच थबकले. पंधरा वर्षांच्या संसारात ह्या माणसाने माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, आणि आज तो बिचारा ओमकार सापडला.

ओमकार ह्यांच्या पुण्याच्या कंपनीतला, हाताखालचा. हे कडावला घरूनच काम करतात. काम काय, ते कळायलाच मला पाच वर्षं लागली. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात म्हणे अनेक खोटे कॉम्प्युटर चालतात. खोटे, पण त्यांच्यावर लोकांची खरी कामं होतात. त्यांना सुरू करणारा जो छोटा प्रोग्राम, फर्मवेअर, तो नवा करत राहायचा. आणि तरी जुन्यातलं जुनंही त्यावर सुरू झालंच पाहिजे. बाकीचे नवीन बनवतात, आमचे हे जुनं बंद पडू देत नाहीत. आणि बंद पडलं नाही तर ह्यांना विचारतो कोण? असली मेली नोकरी!

"सर, एवढं काय झालं?" स्पीकरवर ओमकार म्हणाला. "सह्याद्रीच्या स्पेलिंगमध्ये एच नव्हता, तो घातला. अकरमसरांची चूक आपण किती वर्षं जपायची? सगळे हसतात."

खोट्या कॉम्प्युटरला कंपनीने सह्याद्री नाव दिलेलं. एकोणीस वर्षांपूर्वी ह्यांच्या जोडीला काम करणाऱ्या अकरमभाऊंकडून ते इंग्रजीत लिहिताना एच राहिला. आतला प्रोग्राम सुरू होताना आधी ते नाव वाचतो आणि ओळखीचं असेल तरच पुढे सरकतो.

"रक्तपेढीचा जुना प्रोग्राम लावून बघितलास?" ह्यांनी विचारलं.

"नाही. तो कोण वापरतं आता?"

"तीन जिल्ह्यांतले लोक वापरतात. लाव."

थोड्या वेळाने ओमकार खालच्या आवाजात म्हणाला, "सुरू होत नाही, सर."

"तो रक्तपेढीचा प्रोग्राम लिहिणारा माणूस आता हयात नाय. दुरुस्त कोण करणार? तुझं हे नवीन दुपारी तिकडं गेलं की उद्या रक्त लागलं तर काय करतील ते?"

"काढतो, सर. पण नियमाप्रमाणे चूक मुद्दाम ठेवायची तर का ठेवली आणि कुणाची, हे तिथंच लिहावं लागतं. अकरमसरांचं नाव टाकतो."

ह्यांचा चेहरा उतरला. "थांब. मी लिहितो."

मग पाऊण तास नुसते स्क्रीनकडे बघत बसले. चहा गार झाला. मी म्हटलं, "दोन ओळींना एवढा वेळ? मुहूर्त बघताय काय?"

"ती चूक अकरमची नाय गं, हर्षला. माझी हाय."

मी उचललेला गार चहाचा कप परत खाली ठेवला.

"तो टाइप करत होता, मी सांगत होतो. त्यानं विचारलं, एच लावू ना? मी म्हटलं, कशाला रं? आमी काय बोलतो? सयाद्री. तसंच लिव." हे स्क्रीनकडेच बघत बोलत होते. "ती फाइल हजारो ठिकाणी गेल्यावर समजलं. साहेबानं विचारलं, कुणी केलं? अकरम म्हणाला, मी. मला लागून तीन महिने झाले होते. मी मान खाली घालून बसलो. वाटलं, पर्मनंट झालो की सांगू. मग ते राहूनच गेलं."

अकरमभाऊ कोविडमध्ये गेले. मला राग आला, अगदी मनापासून आला. एवढा जीव लावणारा माणूस, आणि मेल्यावरही लोकांनी त्यालाच हसायचं?

"लिहा आधी," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं आणि मला मराठीत सांगितलं: 'हे स्पेलिंग चुकीचं आहे. चूक साईनाथ ठोंबरे याची, अकरम खोत याची नाही. दुरुस्त करू नये. जुनी कामं याच नावावर सुरू होतात.'

एच निघाला. रक्तपेढीचा प्रोग्राम सुरू झाल्याचं ओमकारने कळवलं. ह्यांनी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "चल, खालापूरला जाऊ."

तिथे जुबेदाभाभी राहतात, अकरमभाऊंची बायको. भाऊ गेल्यापासून आम्ही तिकडे फिरकलो नव्हतो. ईदला मी निघायचं म्हटलं की ह्यांचं नेमकं काहीतरी काम निघायचं.

भाभींनी दार उघडलं. ह्यांनी 'कशा आहात' सुद्धा विचारलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. एच, साहेब, खाली घातलेली मान, सगळं.

"ठाऊक हाय मला," भाभी म्हणाल्या. "त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी. हसत होते. म्हणाले, साईनाथ जाम घाबरलाय, नवीन हाय ना."

ह्यांनी चौकटीला हात टेकला.

"पण तुमी येत का नव्हता, भाऊ? चार वर्षं मी नि माझी लेक अनम विचार करतोय, आमचं काय चुकलं म्हणून."



भाभींनी दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाल्या. इतका वेळ हे उंबऱ्याबाहेरच उभे होते. चपला काढायला म्हणून पायरीवर बसले, आणि चपला काढून झाल्या तरी तिथेच बसून राहिले.