दोन रविवारांचा सप्ताह

राखीनं फोन कानाला लावला आणि ती काही बोलायच्या आधीच गावच्या सप्ताहाचं सगळं बघणाऱ्या घनश्यामकाकांनी सुरुवात केली.

"का वो राखी, रविवारी दोन कीर्तनं काहून लावले?"

"नाई लावले काका. एका दिवशी एकच आहे."

"मंग दोन महाराज मले फोन करून राहिले, ते का झोपेत बोलून राहिले? चौथं पुष्प रविवारी, पाचवंही रविवारी. दोघायले तुह्या वेबसाइटचाच मेसेज गेला. अन् पौर्णिमेले कोणीच नाई. काल्याले का मी एकटाच पखवाज वाजवत बसू?"

आंबागडचा कार्तिकातला सप्ताह यंदा गुरुवारी बसणार होता आणि पुढच्या बुधवारी, पौर्णिमेला, काल्याच्या कीर्तनानं उठणार होता. हंडी फुटते, दही-लाह्यांचा काला सगळं गाव एकाच परातीतून खातं. पण आधी कीर्तन, मग हंडी. कीर्तन नाही तर काला नाही, आणि काला नाही तर सात दिवस टाळ कुटून सप्ताह अर्धाच राहिला म्हणायचा.

ते काल्याचं कीर्तन, म्हणजे सातवं पुष्प, लाखांदूरच्या इश्वर महाराजांचं. महाराजांचा आवाज फार वर चढत नाही. पण अभंगाचं एक चरण धरतात आणि लहान लेकराला निजवावं तसं हळूहळू फिरवतात. मागच्या रांगेतल्या गप्पा बंद होतात, बाया पदर सावरून पुढं सरकतात. राखीची आई शकुनबाई तर वर्षभर त्या एका सकाळची वाट पाहते.

आमच्याकडे सप्ताहात तारखेनं कोणी बोलत नाही. बसायचा दिवस ठरला की पुढं पहिलं पुष्प, दुसरं पुष्प, असंच. तुमसरला घरून वेबसाइट बनवायचं काम करणाऱ्या राखीनं गावाची वेबसाइटही याच रीतीनं बनवली होती. कॅलेंडर उघडायचं, पहिला दिवस दाबायचा, सात नावं टाकायची. बाकीचे दिवस आपोआप लागतात आणि ज्याच्या त्याच्या मोबाईलवर मेसेज जातो. गेल्या वर्षी तिनंच भरलं, सगळं नीट झालं. यंदा काकांचा मुलगा वीरेंद्र अमेरिकेतून म्हणाला, "मी भरतो. गावाची तेवढी तरी सेवा घडू दे."

राखीनं लॅपटॉप उघडला आणि गुरुवार दाबला. सातही पुष्पं सात दिवसांवर बरोबर लागली. पुसून पुन्हा भरलं. पुन्हा बरोबर. तिनं वीरेंद्रला फोन लावला.

"दादा, तू रविवार दोनदा दाबला."

"मी रविवार दाबलाच नाई. फक्त गुरुवार दाबला."

"मंग माह्याकडे काहून बरोबर येते?"

"मले काय विचारतं? वेबसाइटची पोथी तुही आहे."

"बरं, माह्यासमोर भर. स्क्रीन दाखव."

त्यानं दाखवली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, पुन्हा रविवार, सोमवार, मंगळवार. राखी वाकून पाहत राहिली. मागून शकुनबाईंनीही डोकावलं.

"तिकडे रविवारची सुट्टी दोन दिवस भेटते का रे वीरेंद्र?"

"कुठची काकू! एक तास जास्त भेटते झोपाले, तेवढंच. त्याच रविवारी घड्याळ एक तास मागं करतात."

"घड्याळ मागं केलं तर सूर्य थांबते का?"

वीरेंद्र हसला. राखी हसली नाही. तिनं आपल्या लॅपटॉपचं घड्याळ वीरेंद्रच्या न्यूयॉर्कच्या वेळेवर लावलं, वेबसाइट नव्यानं उघडली आणि गुरुवार दाबला. दोन रविवार तिच्या घरात येऊन बसले.

चूक तिचीच होती. पुढचा दिवस काढायला तिनं आधीच्या दिवसाच्या मध्यरात्रीत चोवीस तास मिळवले होते. आपल्याकडे घड्याळ कधी हलत नाही, त्यामुळे ते चालून गेलं. तिकडचा तो रविवार पंचवीस तासांचा. मध्यरात्रीपासून चोवीस तास मोजले की माणूस रविवारी रात्री अकरालाच उभा राहतो. भरणाऱ्याच्या मशीनला रविवारच दिसतो, मेसेजमध्ये तोच वार जातो आणि पुढचं प्रत्येक पुष्प एक दिवस आधीच लागतं.

आधी तिनं मध्यरात्रीऐवजी दुपारचे बारा धरले. तासभर इकडे-तिकडे झाला तरी दिवस बदलत नव्हता. चाललं. पण तिचं मन मानेना, सप्ताहाला घड्याळ हवंच कशाला? तिनं तास काढूनच टाकले. आता पान उलटल्यासारखी तारखेपुढची तारीख येते, आणि साठवतानाही नुसती तारीख साठते, वेळ नाही. न्यूयॉर्क, लंडन, तुमसर, तिन्ही घड्याळांवर करून पाहिलं. सात पुष्पं, सात दिवस.

पाचव्या आणि सहाव्या पुष्पाचे महाराज एक दिवस पुढं सरकायला लगेच तयार झाले. इश्वर महाराजांना मात्र तिनं फोन केला तेव्हा त्यांची अडचण निघाली.

"बाई, मंगळवारचा मेसेज आला म्हणून बुधवारचा काला मी नाकाडोंगरीले देल्ला. आता दिलेला शब्द परत कसा घेऊ?"

दुसऱ्या दिवशी राखी घनश्यामकाकांच्या मोटरसायकलवर मागं बसून नाकाडोंगरीला गेली. तिथले सुखराम पाटील मंदिराच्या ओट्यावरच भेटले. राखीनं सगळं सांगितलं, चूक आपली आहे हेही.

"मशीनची चूक म्हणून सांगितली असती तर म्या चहाही पाजला नसता," सुखराम म्हणाले. "आमचा काला अकराले आहे. महाराज तुमच्याकडे सूर्य उगवता उगवता उभे राहिले तर आमचं काही जात नाई. पण आमचा पखवाजवाला तापानं पडला आहे. घनश्याम आमच्याकडे वाजवाले पाहिजे."

काल्यानंतरची पौर्णिमेची पंगत काकांच्या घरची होती, आणि वाढायला स्वतः उभं राहायचं हे त्यांनी केव्हाचंच ठरवलं होतं.

"येतो," ते म्हणाले. "चहा सांगा आता."

पौर्णिमेला काकडआरती झाली आणि त्याच टाळांवर कीर्तन सुरू झालं. धुक्यात आंबागडच्या किल्ल्याची टेकडी अजून दिसत नव्हती. राखीनं फोन खांबाला टेकवून ठेवला होता, त्यात वीरेंद्र बसला होता. महाराजांनी गोपाळांच्या शिदोरीचा प्रसंग लावला आणि मधेच थांबले.

"तिकडे परदेशात एक रविवार तासभर लांब असते म्हणे. म्या म्हणलं, वा! नामाले एक तास जास्त भेटला. पण तो तास आमच्या राखीच्या मशीनले पचला नाई!"

सगळा मंडप हसला. राखीनं तोंडावर ओढणी घेतली. "आता पचते हो महाराज!" शकुनबाई जागेवरूनच ओरडल्या, आणि महाराजांनी हसत हसत पुन्हा चरण उचललं. मागच्या रांगेतल्या बाया पदर सावरून पुढं सरकल्या. पखवाज तेवढा खाली चालत होता. ऊन मंडपात आलं तेव्हा हंडी फुटली.

काकांनी पखवाजावर खोळ चढवली आणि द्रोणात काला घेऊन महाराजांच्या मागोमाग जीपमध्ये बसले. पंगतीची पानं मांडायला सुरुवात झाली होती. ते एकदा तिकडे पाहून वळले.

"काका!" शकुनबाई जीपजवळ धावत आल्या. "तिकडचं उरकलं की सरळ पंगतीत या. तुमची पत्रावळ मांडून ठेवतो, उचलत नाई."

"भात थंडा होईन वो."

"होऊ द्या. राखी वाढते तुमाले."

फोनमधून वीरेंद्र ओरडला, "काकू, माह्याही नावाचं पान मांडा!"

जीप सुरू झाली. राखी पाण्याची बादली घेऊन पंगतीकडे गेली.